गिओनच्या माइको आणि बदलतं क्योतो

1869 मध्ये जपानचा सम्राट तोक्योला गेला आणि हजार वर्षं राजधानी म्हणून मिरवलेलं क्योतो पोरकं झालं. दरबारावर पोट असलेले विणकर, व्यापारी, कारागीर अडचणीत आले. शहर सावरावं म्हणून 1872 मध्ये मोठं प्रदर्शन भरवलं गेलं. एरवी क्योतोत यायला मनाई असलेल्या परदेशी लोकांना त्यासाठी खास परवाने मिळाले. या पाहुण्यांचं मन रमवण्याची जबाबदारी क्योतोच्या गिओन या भागातल्या चहाघरांवर आली.

गेइको, म्हणजे क्योतोची गेइशा, आणि तिच्या हाताखाली घडणारी माइको तोवर बैठकीच्या खोलीत, मोजक्या पाहुण्यांपुढे नाचत. तिसऱ्या इनोउए याचियो या नृत्यगुरूंनी त्यांना समूहाने रंगमंचावर आणलं. वसंतातला ‘मियाको ओदोरी’ हा नृत्यसोहळा तिथून सुरू झाला. आज तो प्राचीन परंपरा वाटतो, पण तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी घडवलेली ती त्या काळची अगदी नवी कल्पना होती. माइको जुन्या जगातून चुकून मागे राहिली, हा समज म्हणूनच पटत नाही. तिला लोकांपुढे आणलं ते नव्या शहराच्या गरजेनं.

शहरही झपाट्यानं बदलत होतं. बिवा सरोवराचं पाणी कालव्यानं आलं, त्यावर 1891 मध्ये वीज तयार होऊ लागली आणि 1895 मध्ये जपानमधली पहिली विजेची ट्राम क्योतोत धावली.

माइकोचा साज मात्र टिकला, आणि त्याची प्रत्येक खूण जाणकाराला वाचता येते. पाठीवरून घोट्यांपर्यंत लोंबणारा ओबी, म्हणजे किमोनोचा कंबरपट्टा, पाच मीटरहून लांब असतो. त्याच्या टोकाला तिच्या ओकियाचं, म्हणजे ती राहते त्या घराचं, चिन्ह असतं. नवख्या मुलीचा फक्त खालचा ओठ रंगवतात. अंबाडा तिच्या स्वतःच्या केसांचा. तो आठवडाभर टिकावा म्हणून ती उंच उशीवर मान टेकून झोपते. केसांतली फुलं महिन्यागणिक बदलतात. डिसेंबरमध्ये त्यांच्यासोबत दोन कोऱ्या चिमुकल्या पाट्या असतात. त्यांवर आवडत्या काबुकी नटांची सही घ्यायची रीत आहे.

या देखणेपणामागचा इतिहास कठोर आहे. पूर्वी कर्जापोटी मुली ओकियांशी बांधल्या जात. 1872 च्या सरकारी हुकुमानं ते करार रद्द केले, तरी प्रथा लगेच सुटली नाही. खरा फरक पडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. 1947 पासून नऊ वर्षांचं शिक्षण सक्तीचं झालं आणि दहा-बारा वर्षांच्या मुलींना या घरांत आणणं हळूहळू थांबलं.

आता क्योतोत माइको होणाऱ्या बहुतेक मुली बाहेरगावच्या असतात. शाळा संपवून, पंधराव्या वर्षाच्या आसपास, त्या स्वतःहून येतात. बऱ्याच घरांत त्यांना मोबाइल वापरता येत नाही. रस्त्यावर मात्र पर्यटकांचे मोबाइल त्यांचा पाठलाग करतात. 2024 मध्ये गिओनच्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी करून दहा हजार येन दंडाच्या पाट्या लावाव्या लागल्या. त्याआधी, 2022 मध्ये एका माजी माइकोनं अल्पवयात दारू पाजली गेल्याची जाहीर तक्रार केली. माइको ही शिकाऊ मुलगी की कामगार, आणि कामगार असेल तर तिला कायद्याचं संरक्षण कुठलं, यावर जपानमध्ये उघड वाद सुरू झाला.