चौक कोणाचा?

जून महिन्याच्या अखेरीला दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात, कोताकाची नावाच्या गावात एक सण होतो. त्याचं नाव इंती राइमी, म्हणजे सूर्याचा उत्सव. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची किचुआ आदिवासी माणसं डोक्यावर भल्यामोठ्या टोप्या आणि हातात चाबूक घेऊन, बासरीच्या सुरावर जमिनीवर पाय आपटत गावात शिरतात आणि चर्चसमोरच्या चौकाला फेऱ्या घालतात. वरच्या वस्त्यांचे वेगळे, खालच्या वस्त्यांचे वेगळे. कधी दोघांची गाठ पडते आणि मारामारी होते, क्वचित कुणाचा जीवही जातो. या नाचाला तिथे म्हणतात 'चौक घेणं'.

मला हा शब्दप्रयोग महत्त्वाचा वाटतो. जो चौक आपलाच आहे, तो कुणी 'घ्यायला' जात नाही. वर्षातले बाकीचे दिवस चौक दुसऱ्या कुणाचा तरी होता, म्हणून एक दिवस नाचून तो घ्यावा लागे. या छोट्या गावाचा इतिहास म्हणजे हा एक दिवस वाढवत नेण्याची धडपड आहे, असं मी समजतो.

मी इक्वेडोरला गेलेलो नाही. इतिहासाचा प्राध्यापकही नाही, बी.ए. झालेला आणि मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण मोठमोठ्या राजधान्यांच्या इतिहासापेक्षा अशा लहान गावांच्या कारभाराची हकीकत मला जास्त धरून ठेवते. लोकशाही नावाची गोष्ट तिथे हाताला लागते.

आधी गाव पाहू. राजधानी क्विटोच्या उत्तरेला, अँडीज पर्वताच्या कुशीत, सुमारे 2,400 मीटर उंचीवर कोताकाची वसलं आहे. डोक्यावर त्याच नावाचा जवळजवळ पाच हजार मीटर उंचीचा ज्वालामुखी आणि समोर इम्बाबुरा. लोक या दोन डोंगरांना आई आणि बाप म्हणतात, 'मामा कोताकाची' आणि 'ताइता इम्बाबुरा'. 6 जुलै 1861 रोजी कोताकाचीला कँटनचा दर्जा मिळाला. कँटन म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा मुलूख. पण त्याचा कारभार लोकांनी निवडलेला महापौर आणि त्याची नगरपालिका पाहते. सातच वर्षांनी, 16 ऑगस्ट 1868 च्या भूकंपात हे गाव जमीनदोस्त झालं. ते पुन्हा उभं राहिलं, पण समाजाची उतरंड होती तशीच राहिली.

ही उतरंड तीन पायऱ्यांची. गावठाणात मेस्तिसो, म्हणजे स्पॅनिश आणि आदिवासी अशा मिश्र वंशाचे लोक. चामड्याच्या वस्तूंसाठी हे गाव प्रसिद्ध आहे आणि मुख्य रस्त्यावर दुतर्फा कातडी जाकिटांची, पिशव्यांची दुकानं आहेत. गावाभोवती डोंगरउतारावर चाळीसहून अधिक किचुआ वस्त्या. आणि पश्चिमेला डोंगर उतरून गेलं की इंताग नावाचा धुक्याच्या जंगलाचा पट्टा. तिथे जमिनीच्या शोधात आलेले गरीब मेस्तिसो आणि काही आफ्रिकी वंशाची कुटुंबं. 2010 च्या जनगणनेत सगळे मिळून लोक होते सुमारे 40 हजार.

किचुआ माणसाची पूर्वीची स्थिती एका शब्दात सांगता येते: वासिपुंगो. मूळ अर्थ घराचं दार. जमीनदार आपल्या हासिएंदावर, म्हणजे मोठ्या वतनी शेतावर, राबणाऱ्या कुटुंबाला जमिनीचा एक तुकडा कसायला देई. बदल्यात त्या कुटुंबानं जमीनदाराच्या शेतात आणि वाड्यावर राबायचं. तुकडा नावाचा, कर्ज खरं. खोर्खे इकासा या लेखकानं 1934 मध्ये याच नावाची कादंबरी लिहिली आणि ही वेठ जगाला कळली. कायद्यानं ती संपायला मात्र 1964 उजाडावं लागलं.

जमिनीची वेठ गेली, पण मत कुठे होतं? इक्वेडोरमध्ये निरक्षराला मताचा अधिकार नव्हता. शाळा स्पॅनिशमध्ये, घरात किचुआ. ज्याला शाळेनं बाहेर ठेवलं, त्याला मतपेटीनंही बाहेर ठेवलं. 1979 मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेनं ही अट काढून टाकली. घरात दखनी बोलत आणि शाळेत मराठीतून शिकत मी मोठा झालो. घरची आणि शाळेची भाषा वेगळी असली की पहिले काही दिवस मूल गप्प बसतं, हे मला ठाऊक आहे. इथे तर एक अख्खा समाज पिढ्यान् पिढ्या गप्प बसवला गेला होता.

गप्प होता, पण निजलेला नव्हता. 1977 मध्ये या वस्त्यांनी एकत्र येऊन आपली संघटना बांधली. पुढे ती 'उनोर्काक' या नावानं ओळखली गेली. तिच्या संस्थापकांपैकी आल्बेर्तो आनरांगो हे नगरपालिकेत निवडून गेलेले पहिले किचुआ सदस्य. रस्ता, पाणी, शाळा अशा मागण्यांतून संघटना वाढली. वस्त्यांकडे एक जुनं साधन होतंच. त्याचं नाव मिंगा. आपल्याकडे इर्जिक घालतात ना, तसंच. सगळ्यांनी मिळून एकाचं किंवा गावाचं काम करायचं आणि एकत्र जेवायचं. पाट खणायचा असो की शाळेची भिंत घालायची असो, मिंगा बोलावली जायची.

जून 1990 मध्ये इक्वेडोरभर आदिवासींनी रस्ते रोखले. पुढे 'पाचाकुतिक' नावाचा त्यांचा राजकीय पक्ष निघाला. 1996 मध्ये या पक्षातर्फे औकी तितुआन्या हा किचुआ तरुण कोताकाचीचा महापौर झाला. क्युबात अर्थशास्त्र शिकून आलेला. ज्या चौकात वर्षातून एकदा नाचत शिरायचं, त्याच चौकातल्या नगरपालिकेच्या खुर्चीवर आता वस्तीतला माणूस बसला.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका माणसाच्या यशाची झाली असती. खरी गोष्ट इथून सुरू होते. त्याच वर्षी तितुआन्यांनी संपूर्ण कँटनची सभा बोलावली. किचुआ वस्त्या, चामड्याचे कारागीर, इंतागचे शेतकरी, बायका, तरुण, सगळ्यांना निमंत्रण. ही सभा दरवर्षी भरू लागली. पुढे नगरपालिकेचा पैसा कोणत्या कामावर आधी खर्च व्हावा, हेही लोकांशी बोलून ठरू लागलं. मुलांनासुद्धा आपलं म्हणणं मांडायला जागा मिळाली. 2000 मध्ये या प्रयोगाला दुबईचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2005 मध्ये क्युबाच्या साक्षरता पद्धतीचा उपयोग करून कोताकाचीनं निरक्षरता संपल्याचं जाहीर केलं. ज्या निरक्षरतेनं मत हिरावलं होतं, तिचाच निकाल लावला, असं म्हणायला हरकत नाही.

आता कसोटी. इंतागच्या जंगलाखाली तांबं आहे. 1990 च्या दशकात मित्सुबिशी समूहातली एक जपानी कंपनी तिथे शोधकाम करत होती. खाणीमुळे काही वस्त्या उठवाव्या लागतील आणि नद्या बिघडतील, असं त्या प्रकल्पाच्याच अभ्यासात आलं होतं. मे 1997 मध्ये जुनीन गावच्या आणि आसपासच्या लोकांनी कंपनीचा तळ ताब्यात घेतला, आतल्या सामानाची यादी केली, सामान बाहेर काढून दिलं आणि मग तळ पेटवला. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण आधी यादी करणारी माणसं लुटारू नसतात, एवढं ध्यानात घ्यावं लागतं. कंपनी निघून गेली. 2000 मध्ये नगरपालिकेनं कोताकाची हा 'पर्यावरणस्नेही कँटन' असल्याचा ठराव केला. इंतागच्या शेतकऱ्यांनी कॉफी पिकवून जपानला पाठवायला सुरुवात केली.

पण जमिनीखालचं धन देशाच्या सरकारच्या मालकीचं. नगरपालिकेच्या ठरावाचा हात तिथवर पोचत नाही. 2004 मध्ये एक कॅनेडियन कंपनी आली. डिसेंबर 2006 मध्ये तिच्या बाजूनं आलेल्या सशस्त्र रक्षकांनी गावकऱ्यांवर अश्रुधूर आणि गोळ्या चालवल्या. तेव्हा गावकऱ्यांनी पन्नासहून अधिक रक्षकांना पकडून गावच्या देवळात डांबलं आणि सरकारी माणसांच्या हवाली केलं. ती कंपनीही गेली. मग सरकारच आलं: इक्वेडोरची आणि चिलीची सरकारी खाण कंपनी, दोघी मिळून. 2014 मध्ये त्यांचे तंत्रज्ञ पोलीस बंदोबस्तात जुनीनला पोचले. त्याआधी गावच्या प्रमुखाला अटक झाली होती. त्याला दहा महिने तुरुंगात काढावे लागले.

लोकांनी आता वेगळा मार्ग धरला. 2008 च्या इक्वेडोरच्या राज्यघटनेनं निसर्गालाही हक्क दिले आहेत. 2016 मध्ये जुनीनच्या जंगलात लांब नाकाचा एक रंगीत बेडूक सापडला. तो नामशेष झाला असं शास्त्रज्ञ धरून चालले होते. गावकरी या बेडकाचीही बाजू घेऊन न्यायालयात गेले. 29 मार्च 2023 रोजी इम्बाबुरा प्रांताच्या न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. लोकांशी नीट सल्लामसलत झाली नाही आणि निसर्गाच्या हक्काचा भंग झाला, असं म्हणत खाणीचा परवाना रद्द केला. 1995 पासून कागद जपणाऱ्या, पाण्याचे नमुने तपासणाऱ्या, सभा भरवणाऱ्या लोकांचं हे फळ होतं.

दुसरी कसोटी नेत्याची. तितुआन्या 2000 आणि 2004 मध्ये पुन्हा निवडून आले. तेरा वर्षं महापौर राहिले. माणूस फार दिवस खुर्चीवर बसला की सभा त्याची होते की तो सभेचा, हे कळेनासं होतं. वस्त्यांच्या संघटनेशी त्यांचं बिनसलं आणि 2009 मध्ये संघटनेचे जुने नेते आनरांगो महापौर झाले. 2012 मध्ये तितुआन्यांनी एका बँकरच्या, गिलेर्मो लासो यांच्या जोडीनं उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारली, तेव्हा देशातल्या आदिवासी महासंघानं त्यांना काढून टाकलं. ती उमेदवारी निवडणूक आयोगात टिकली नाही. आणि 2019 मध्ये कोताकाचीनं त्यांनाच पुन्हा महापौर केलं. यात कुणी फसवणूक पाहील, कुणी लोकांचा विसराळूपणा. मी एवढंच पाहतो की पाडण्याचा आणि पुन्हा निवडण्याचा, दोन्ही निर्णय लोकांनी घेतले.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अमेरिका-कॅनडातले निवृत्त लोक स्वच्छ हवा आणि स्वस्ताई पाहून कोताकाचीत राहायला आले. जमिनीचे भाव वाढले. ज्यांच्या आजोबांनी वेठीतून सुटून तुकडा मिळवला, त्यांच्या नातवाला आज तो घेणं परवडत नाही. आणि सप्टेंबर 2025 मध्ये, डिझेलवरचं अनुदान काढल्याच्या निषेधात देशभर संप चालू असताना, कोताकाचीत एक किचुआ आंदोलक गोळी लागून मेला. महापौर आपला, सभा आपली, तरी रस्त्यावर छातीला गोळी लागू शकते. कारण बंदूक नगरपालिकेच्या ताब्यात नसते.

मग या सगळ्या सभांनी मिळवलं काय? मी स्वतःला हा प्रश्न विचारतो तेव्हा मला बेडूक आठवतो आणि सामानाची यादी आठवते. सभेत बसायची सवय लागलेली माणसं रागातही यादी करतात. हरली तरी कागद जपून ठेवतात. आपल्या माणसालाही पाडतात. खुर्ची एका निवडणुकीत मिळते, ही सवय लागायला पन्नास वर्षं लागतात. आणि ती एकदा लागली की महापौर कोण आहे याला थोडं कमी महत्त्व उरतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)