बीजक

उज्जैनच्या गोपाळ मंदिराच्या चौकात आम्हां मराठी कुटुंबांची दिवाळीची खरेदी अजूनही होते. हे मंदिर बांधणाऱ्या बायजाबाई शिंदे मूळच्या कागलच्या, सर्जेराव घाटग्यांच्या कन्या. म्हणजे सीमाभागातील वाचकांच्या शेजारच्याच. दौलतरावांच्या पश्चात १८२७ ते १८३३ त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार पाहिला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण उज्जैनीत त्यांच्या मालकीच्या नाथजी किशनदास आणि नाथजी भगवानदास अशा दोन सावकारी पेढ्या होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्या काळी उज्जैनहून पुण्याला रोकड नेणे जोखमीचे, म्हणून हुंडीचा व्यवहार. हुंडीत रक्कम अंकांत लिहीत, अक्षरांत लिहीत आणि शिवाय ‘निमे इतके, त्याची दुप्पट’ अशीही मांडीत. एखादे शून्य वाढवून भागत नसे. शहाजोग हुंडीचे पैसे ओळखीच्या, पत असलेल्या सावकारालाच मिळत, त्यामुळे चोराला नुसता कागद मिळून उपयोग नव्हता. हुंडी हरवली तर ‘पेठ’ लिहून देत, तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’. माणूस कधीतरी हरवणारच, हे त्या व्यवहाराने आधीच धरलेले होते.

याच शिंदे घराण्यातली याच्या अगदी उलट हकिकत म्हणजे गंगाजळीची. ग्वाल्हेरच्या गडावरील या गुप्त खजिन्याची खूण, म्हणजे बीजक, फक्त राज्यकर्त्याला ठाऊक असे आणि ती त्याने वारसाच्या कानात सांगायची. १८५८ पासून गड इंग्रजांच्या ताब्यात होता. तो १८८६ मध्ये परत मिळाला आणि त्याच वर्षी जयाजीराव वारले. माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. बीजक सांगायचे राहून गेले आणि खजिना पुढे मोठ्या शोधानंतर हाती लागला, असे घराण्यात सांगतात.

ही हकिकत मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ मात्र गेल्या वर्षी, दादा गेले तेव्हा कळला.

दादांनी आपले सारे पासवर्ड एका ऑनलाइन तिजोरीत, म्हणजे पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवले होते. तिला एकच मुख्य पासवर्ड. त्यावरून किल्ली तयार होते ती आपल्याच यंत्रावर. कंपनीपाशी ती नसते. म्हणून ‘विसरलो’ म्हटले तरी कंपनी ती देऊ शकत नाही. तिजोरीचे बळ यातच आहे आणि आमची अडचणही यातच झाली. बँकेचे पैसे वारसनोंदीमुळे वहिनींना मिळाले. पण आजोबांच्या मोडी दप्तराची दादांनी काढलेली छायाचित्रे अजून आतच आहेत. मूळ कागद वाळवीने केव्हाच खाल्ले.

मग तिजोरीच नको का? असेही नाही. पूर्वी दादा सगळीकडे एकच पासवर्ड वापरीत. एक फुटला की सगळी दारे उघडी. तिजोरी प्रत्येक ठिकाणी निराळा, लांबलचक पासवर्ड देते. बनावट संकेतस्थळ समोर आले तर पत्ता जुळत नाही म्हणून ती तो आपणहून भरीतही नाही. पण धोका उरतोच. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीतून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीस गेल्या. आतले पासवर्ड कूटबद्ध होते, संकेतस्थळांचे पत्ते मात्र उघडे. अशी प्रत हाती आली की चोर घरी बसून हवे तितके पासवर्ड लावून पाहू शकतो. अशा वेळी मुख्य पासवर्ड किती लांब आणि किती अनपेक्षित, यावरच सारे अवलंबून.

मी आता पाच असंबद्ध शब्दांचा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला मुख्य पासवर्ड ठेवला आहे. शिवाय नव्या यंत्रावरून कोणी तिजोरी उघडू पाहिली तर मोबाइलवरचा आकडाही द्यावा लागतो. काही कंपन्या विश्वासातल्या माणसाला ठरावीक दिवस थांबल्यावर प्रवेश देतात. तिथे मुलीचे नाव घातले आहे. आणि या साऱ्याची ‘पेठ’ म्हणून तो मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, लखोट्यात घालून, लाखेने बंद केला आहे.

लखोटा बँकेच्या लॉकरमध्ये जाईल. तत्पूर्वी लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी ठेवणार आहे आणि तो कशाचा, हे मुलीला सांगणार आहे. दादांच्या मोडी कागदांसाठी वहिनी अजून अधूनमधून एखादा शब्द सुचवतात. आम्ही तो लावून पाहतो.