उचल, खर्ची आणि हिशेब : जव्हार-मोखाड्यातील कर्जफेडीचे गणित

कर्जातून बाहेर पडण्याचे जे उपाय सामान्यतः सांगितले जातात, ते मासिक पगार गृहीत धरून सांगितलेले असतात. जमाखर्च लिहावा, चैनीला कात्री लावावी, जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडावे, उरलेली रक्कम मुद्दलात भरावी. हे उपाय चुकीचे नाहीत. मात्र पालघर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत ज्या प्रकारचे कर्ज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, तेथे यातील कोणता उपाय लागू पडतो आणि कोणता पडत नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. कारण येथील कर्जाची परतफेड पैशात होत नाही, ती अंगमेहनतीत होते. हिशेबाची वही बहुधा कर्ज देणाऱ्याकडे असते.

वारली, ठाकूर, कोकणा, महादेव कोळी आणि कातकरी ही या भागातील प्रमुख आदिवासी वस्ती. डोंगरउतारावरची भात, नाचणी आणि वरईची शेती पावसावर अवलंबून. दिवाळीच्या सुमारास पीक घरात येते आणि शिल्लक धान्य संपले की घराला कुलूप लावून कुटुंबे बाहेर पडतात. भिवंडी, कल्याण, वसई, वाडा या पट्ट्यातील वीटभट्ट्या, नाशिकच्या बाजूचे द्राक्षमळे, मुंबई-ठाण्याची बांधकामे ही त्यांची ठरलेली ठिकाणे. पावसाच्या तोंडावर ती परततात.

लग्नगडी

या कर्जाचे जुने नाव ‘लग्नगडी’. लग्नासाठी जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. नवऱ्यासोबत नववधूही त्याच वाड्यावर कामाला जुंपली जाई. रक्कम अल्प असे, पण श्रमाचे मोल किती आणि फिटले किती, हे ठरवणारा धनी एकटाच असल्यामुळे ती कित्येकदा आयुष्यभर फिटत नसे.

इतिहासाच्या दृष्टीने एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. आज जोडीने घेतली जाणारी ही दोन नावे पूर्वी दोन वेगळ्या राजवटींखाली होती. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, तर मोखाडा पेठा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात. १९३५ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यातील जे प्रदेश ‘अंशतः वगळलेले’ ठरले, त्यांत डहाणू, शहापूर, उंबरगाव यांच्याबरोबर मोखाड्याचाही समावेश होता. या प्रदेशांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने केली. १९३० च्या दशकाअखेरीस आलेल्या त्याच्या अहवालात लग्नकर्जापोटी होणाऱ्या या दास्याची नोंद आहे. म्हणजे सरकारदरबारी ही गोष्ट अज्ञात नव्हती.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन झाले आणि त्याच वर्षी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. वेठबिगार आणि लग्नगडी बंद करणे ही त्यातील अग्रक्रमाची मागणी होती. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा इतिहास आला असून १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. काटकसरीच्या दृष्टीने या लढ्याचा अर्थ सरळ आहे. लग्नगड्यांची कर्जे पैसे साठवून फिटली नाहीत. ती मानण्याचे नाकारल्याने संपली.

याच समाजात एक जुनी सोयही आढळते. पैसा नसेल तर वारली जोडपे आधी संसार थाटते आणि लग्नाचा विधी ऐपत येईल तेव्हा, कधी मुले झाल्यावरही, उरकते. बाहेरच्यांना हे विचित्र वाटे. लग्नासाठी कर्ज काढण्यापेक्षा लग्न पुढे ढकलणे अधिक शहाणपणाचे, हे मात्र आजच्या मध्यमवर्गालाही सांगावे लागते.

फेडू नये असे कर्ज

वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा १९७६ चा. त्याचा अंमल २५ ऑक्टोबर १९७५ पासून धरला जातो. या कायद्याने वेठबिगारीखालील सर्व कर्जे एका फटक्यात रद्द केली. कलम ६ नुसार असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच उरत नाही. कलम ९ त्याहून पुढे जाते. रद्द झालेल्या कर्जापोटी रक्कम स्वीकारणे हाच गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कलम १५ नुसार, हे वेठबिगारीचे कर्ज नाही हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर नसून सावकारावर आहे. कर्जफेडीवर लिहिणारे या कलमांचा उल्लेख करीत नाहीत, कारण त्यांच्या वाचकाला ती लागत नाहीत. मोखाड्याच्या मजुराला मात्र पहिला प्रश्न हाच पडला पाहिजे की, आपल्या डोक्यावरचे कर्ज कायद्याने कर्ज आहे तरी का?

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात घेतलेले काम हे घटनेच्या अनुच्छेद २३ मधील सक्तीचे श्रम होय असे ठरवले. पुढच्याच वर्षी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात, मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले की त्यामागे उचल असल्याचे गृहीत धरावे, असा निर्वाळा दिला. ठाणे जिल्ह्यात या कायद्याचा सर्वाधिक पाठपुरावा विवेक व विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेने केला.

हा विषय इतिहासजमा झाला असे मानण्याचे कारण नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मोखाडा पोलिसांत वेठबिगारीचा एक गुन्हा दाखल झाला. मृत मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या ५०० रुपयांपायी एका आदिवासी मजुराला राबवून घेण्यात आले आणि अखेरीस त्याने आत्महत्या केली, अशी ती तक्रार होती. ५०० रुपये. शहरातील एका कुटुंबाच्या एका वेळच्या उपाहारगृहातील खर्चाहून ही रक्कम मोठी नाही.

वीटभट्टीचा जमाखर्च

आजचा प्रचलित प्रकार म्हणजे वीटभट्टीची उचल, अर्थात बयाणा. पावसाळ्यात किंवा गणपती-दिवाळीच्या सुमारास घरात पैसा नसतो, त्या वेळी मालक किंवा त्याचा मुकादम रक्कम देतो. हंगामात दर आठवड्याला खाण्यापिण्यापुरती ‘खर्ची’ मिळते. पाडलेल्या विटांची मजुरी हजारी दराने मांडली जाते आणि हंगामाअखेरीस मजुरीतून उचल व खर्ची वजा करून हिशेब होतो. काही शिल्लक राहिली तर मजुराला मिळते, अंगावर फिरले तर पुढल्या वर्षी त्याच भट्टीवर यावे लागते.

उदाहरणादाखल आकडे धरून पाहू. (हे आकडे केवळ गणितासाठी कल्पिलेले आहेत.) एका जोडप्याची उचल ३० हजार रुपये, दर हजार विटांना ७०० रुपये, खर्ची आठवड्याला १,५०० रुपये आणि हंगाम २४ आठवड्यांचा. रोज हजार विटा याप्रमाणे सहा दिवसांची मजुरी ४,२०० रुपये होते, खर्ची जाऊन २,७०० उरतात आणि उचल बाराव्या आठवड्यात फिटते. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात ताप येतो, मूल आजारी पडते, अवकाळी पावसात कच्च्या विटा विरघळतात, आणि मोजताना तूट म्हणून विटा वगळल्या जातात. सरासरी दिवसाला ६०० विटांवर आली की आठवड्याची मजुरी २,५२० होते आणि हातात उरतात १,०२० रुपये. चोवीस आठवड्यांत फिटतात २४,४८० आणि ५,५२० रुपये अंगावर राहतात.

आता काटकसरीचा परिणाम पाहा. खर्चीतून आठवड्याला २०० रुपये वाचवले, म्हणजे प्रत्यक्षात एखाद्या दिवसाची डाळ आणि तेल सोडले, तर हंगामाअखेर २९,२८० फिटतात. तरीही ७२० रुपये बाकीच. याउलट खर्चीला हात न लावता रोजच्या मोजणीत केवळ १०० विटा अधिक धरल्या गेल्या, तर ३४,५६० रुपये जमतात, उचल फिटून साडेचार हजार रुपये गाठीला उरतात. थोडक्यात, या धंद्यात पोटाला चिमटा घेण्यापेक्षा विटांची मोजणी आपल्या हाताने लिहून ठेवणे दुपटीहून अधिक फायद्याचे ठरते. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून रोज संध्याकाळी तारीख, विटांची संख्या, घेतलेली खर्ची आणि औषधपाण्याला दिलेली रक्कम या चार गोष्टी वहीत उतरवून घेतल्या तर पुढे तक्रारीच्या वेळी तीच वही पुरावा म्हणून उपयोगी पडते. अडचण एवढीच की, भट्टीवर गेलेल्या मुलाची शाळा आधीच सुटलेली असते.

अन्नात काटकसर करण्याचा सल्ला येथे जपून द्यावा लागतो. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. मोखाड्यातील बालमृत्यूंचा प्रश्न २०१६ मध्येही गाजला. स्थलांतरित कुटुंबाच्या हातून अंगणवाडीचा आहार सुटतो, हे यामागील एक कारण. म्हणून वाचवण्याची जागा शोधायची तर ती शिधापत्रिकेत शोधावी. अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. एक देश, एक शिधापत्रिका योजनेमुळे ते गावाबाहेरच्या रेशन दुकानातूनही उचलता येते. वर्षातले सहा महिने भट्टीवर राहणाऱ्या कुटुंबाने हे धान्य तेथेच घेतले, तर खर्चीचा मोठा भाग वाचतो आणि ताटातले काही कमी होत नाही.

उचल घ्यावी लागू नये म्हणून

उचल घेतली जाते ती पावसाळ्यातील उपासमारीपोटी. ही गोष्ट सरकारने १९७० च्या दशकातच ओळखली होती. आदिवासी क्षेत्रातील खासगी सावकारीला पायबंद घालणारा राज्याचा कायदा १९७६ चा. आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज सुरू झाले ते १९७८ मध्ये. जून ते सप्टेंबर या काळासाठी अंशतः धान्य व अंशतः रोख अशा स्वरूपात ते दिले जाई, ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान. पुढे ते बंद पडले. टाळेबंदीच्या वर्षी, २०२० मध्ये, ‘खावटी अनुदान’ म्हणून कुटुंबामागे ४ हजार रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपात, मंजूर झाले. मदत पावसाळ्याआधी पोहोचली तरच तिचा उपयोग. मुकादम वेळेवर येतो, योजना उशिरा येते, हा या भागातील जुना अनुभव.

रोजगार हमीबाबतही तेच. देशाला ही कल्पना महाराष्ट्राने दिली. १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला आणि १९७७ मध्ये कायदा झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने १०० दिवसांची हमी दिली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांची हमी देणारा नवा कायदा संमत केला. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील दर ३१२ रुपये रोज होता. दर वाईट नाही. परंतु ज्या घरात आजची चूल उद्याच्या मजुरीवर पेटते, त्या घराला आठवडे उशिरा खात्यात जमा होणारे ३१२ रुपये आणि आज हातात पडणारी उचल यांतून निवड करायची असते.

जेथे गावातच रोख पीक उभे राहिले, तेथे चित्र पालटले आहे. जव्हार परिसरात बायफ संस्थेने आंबा-काजूच्या ‘वाडी’चा प्रयोग रुजवला. मोगऱ्याची लागवडही जव्हार, विक्रमगड भागात पसरली असून कळ्या दादरच्या फुलबाजारात जातात. मोगऱ्याचे पैसे थोडे पण वारंवार येतात, आणि छोट्या कुटुंबाच्या अंदाजपत्रकाला वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा हेच अधिक मानवते. महिलांच्या बचत गटाचेही बळ त्यातच आहे. आजारपणासाठी गटातून मिळालेले दोन हजार रुपये म्हणजे मुकादमाकडे न जावे लागलेली एक रात्र.

सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या कर्जाबाबत मात्र सावध राहावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नयेत आणि असे कर्ज विनातारण असले पाहिजे. मुदतीआधी फेडल्यास दंड आकारता येत नाही. परवानाधारक सावकारांना २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागू आहे. शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जाचा दर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के, आणि जुन्या दामदुपटीच्या नियमाला अनुसरून व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापलीकडे जाऊ शकत नाही. ‘शेकडा पाच’ म्हणून तोंडी ठरलेला दर महिन्याचा असतो, वर्षाचा तो ६० टक्के होतो, हे वेगळे सांगायला हवे. विनापरवाना सावकाराविरुद्ध तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

वेठबिगारीची तक्रार तहसीलदार, जव्हारचे उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे द्यावी. तोंडी निवेदनही नोंदवून घेता येते. चौकशीनंतर मिळणारा मुक्ती दाखला महत्त्वाचा, कारण पुनर्वसनाचे लाभ त्याच्याशी जोडलेले आहेत. केंद्राच्या २०१६ च्या योजनेनुसार प्रौढ पुरुषास एक लाख, महिला व बालकांस दोन लाख आणि अत्याचाराच्या गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये मिळतात. तातडीची मदत खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच देता येते, पूर्ण रक्कम मात्र सामान्यतः दोषसिद्धीशी निगडित आहे. भट्टी दुसऱ्या तालुक्यात वा जिल्ह्यात असेल तर दाखला तेथील अधिकारी देतो आणि पुनर्वसन मूळ गावी होते. तेव्हा भट्टीवर जाताना मालकाचे नाव, ठिकाण आणि तालुका लिहून गावी ठेवून जावे.