खंडवृद्धी

खंडवृद्धी : हलक्या, सिलिकासमृद्ध खडकांचे कवच तयार होणे, त्यात दीर्घकाळ भर पडत जाणे आणि निरनिराळे तुकडे एकमेकांना जुळून खंड आकाराला येणे, ही भूवैज्ञानिक प्रक्रिया. भारतीय द्वीपकल्पात तिचे ३०० कोटींहून अधिक वर्षांचे टप्पे खडकांत टिकून आहेत. म्हणून या नोंदीत मुख्यतः तेच उदाहरण घेतले आहे.

खंडीय कवचाची सरासरी जाडी ३५ ते ४० किमी. असून घनता दर घ.सेंमी.ला सुमारे २.७ ते २.८ ग्रॅम असते. सागरी कवच जेमतेम ६–७ किमी. जाड, बेसाल्टचे आणि घनतेने ३ ग्रॅमच्या आसपास. हा फरक दिसायला किरकोळ असला, तरी खंडांचे अस्तित्व त्याच्यावरच उभे आहे. सागरी कवच थंड होत जाते तसे जड होते आणि खंदकांपाशी कवचाखालच्या प्रावरणात बुडते. त्यामुळे मोठ्या महासागरांच्या तळाशी २० कोटी वर्षांहून जुना खडक जवळपास मिळतच नाही. हलके खंडीय कवच मात्र सहसा बुडत नाही. कॅनडातील अकास्टा येथील पट्टिताश्म ४०० कोटी वर्षांचे आहेत, तर ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्सच्या वालुकाश्मात अडकलेले झिरकॉनचे काही कण ४३० कोटी वर्षांहूनही जुने आहेत. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे धरले जाते.

प्रावरण वितळले की त्यातून बेसाल्ट मिळतो, ग्रॅनाइट नव्हे. त्यासाठी बेसाल्ट खोलवर जाऊन पुन्हा, आणि तोही अंशतःच, वितळावा लागतो. खडकातील खनिजांत मुरलेले पाणी त्याचा वितळणबिंदू खाली आणते. या पाण्याशिवाय ग्रॅनाइटी कवच एवढ्या प्रमाणात तयार झाले नसते. शुक्रासारख्या कोरड्या ग्रहाच्या तुलनेत पृथ्वीचे वेगळेपण इथेच आहे. आज हे काम निमज्जन क्षेत्रांत, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तिथे, चालते. पृथ्वीच्या आरंभीच्या आर्कियन काळात प्रावरण अधिक तप्त होते. तेव्हाही भूपट्ट असेच बुडत होते, की बेसाल्टचे जाड थर तळाशी आपोआप वितळत होते, यावर मतभेद आहेत. झारखंड-ओडिशातील सिंहभूम क्रेटॉनच्या (क्रेटॉन म्हणजे खंडीय कवचाचा प्राचीन, स्थिर झालेला तुकडा) अभ्यासाने दुसऱ्या शक्यतेला बळ दिले आहे. तेथील नदीकाठी व किनाऱ्यालगत साचलेल्या वालुकाश्मांवरून तो तुकडा ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वी समुद्राबाहेर डोकावू लागला होता, असे अनुमान २०२१ मध्ये मांडले गेले. खालून ग्रॅनाइटची भर पडत गेल्याने कवच जाड झाले आणि वर उचलले गेले.

या पहिल्या टप्प्याचा खडक जवळून पाहायचा तर बंगळुरूच्या लालबागेतील उघडा कातळ पाहावा. केंपेगौडांचा बुरूज याच कातळावर उभा आहे. करड्या पट्टिताश्मात फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक वळणे घेत जातात. मधेच काळपट खडकाचे लांबुडके तुकडे अडकलेले दिसतात आणि या साऱ्याला छेदत फिकट ग्रॅनाइटच्या शिरा जातात. अडकलेला तुकडा भोवतीच्या खडकाआधीचा, शीर नंतरची, एवढे ध्यानात ठेवले की कवचात भर कोणत्या क्रमाने पडली ते वाचता येते. सुमारे ३०० कोटी वर्षांच्या या कातळाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे.

हा खडक धारवाड क्रेटॉनचा पाया. त्यावर लाव्हा आणि गाळ साचून धारवाडी खडक बनले. गोव्यातील लोहखनिज त्यांच्याच पट्ट्यातले आहे. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी कवचात क्लोजपेट ग्रॅनाइट घुसला. दक्षिणोत्तर शेकडो किमी. पसरलेल्या या ग्रॅनाइटचे सुळके रामनगरजवळ दिसतात. त्यानंतर क्रेटॉन स्थिर झाला.

पण एक क्रेटॉन म्हणजे खंड नव्हे. धारवाड, बस्तर, सिंहभूम, बुंदेलखंड आणि अरवली हे तुकडे वेगवेगळे वाढले आणि पुढे जुळले. बुंदेलखंडाकडील उत्तरेचा भाग व दक्षिणेचे तुकडे यांच्यातील सांधा सातपुड्याच्या पट्ट्यातून जातो. ही जुळणी नेमकी कधी पुरी झाली हा वाद मिटलेला नाही. टप्प्याटप्प्याने ती सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत चालू होती, असे अनेक अभ्यासक मानतात. नागपूर-भंडारा भागातील मनसर, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी याच पट्ट्यात आहेत. तेथील सौसर गटाचे खडक मुळात समुद्रात साचलेला गाळ. तो तुकड्यांच्या रेट्यात सापडून घड्या पडत, तापत रूपांतरित झाला.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणारा काळा बेसाल्ट त्या मानाने अगदी अलीकडचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. सह्याद्रीची उंची पाहून तोच या भूमीचा गाभा असावा असे वाटते, पण तो वरचा थर आहे. कोयना परिसरात रासाटी येथे घेतलेल्या छिद्रात सुमारे ९३० मी. बेसाल्ट संपताच थेट ग्रॅनाइटी पट्टिताश्म लागला. किल्लारीला भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात बेसाल्टची जाडी ३३८ मी. भरली आणि त्याखाली गाळाच्या पातळ थरानंतर पुन्हा तोच जुना पाया.

अलीकडच्या वृद्धीचे ठळक उदाहरण भारताच्या वायव्येस आहे. टेथिस समुद्रात ज्वालामुखींच्या माळेतून वाढलेला कोहिस्तानचा तुकडा भारत आणि आशिया यांच्यामध्ये चिरडला जाऊन खंडाचा भाग झाला. भारत-आशिया टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. तिच्यामुळे तिबेटखालचे कवच ७० किमी.पर्यंत जाड झाले, मात्र नवे कवच त्या मानाने थोडेच निर्माण झाले. जाडी वाढणे आणि वृद्धी होणे यांत हा भेद करावा लागतो.

वृद्धीबरोबर झीजही चालते. हिमालयाचा गाळ गंगा-ब्रह्मपुत्रेतून बंगालच्या उपसागरात जातो व तळावर हजारो किमी. पसरतो. हा तळ पूर्वेकडे सुंदा खंदकाशी बुडत आहे. गाळाचा काही भाग त्याच्याबरोबर प्रावरणात जातो, तर काही वरच्या पट्टाच्या कडेने खरवडला जाऊन तिथेच साचतो. भारत-म्यानमार सीमेवरील डोंगररांगांचा पश्चिम भाग बराचसा अशा गाळाचा बनला आहे.