मुंबई–नागपूर : अंतर व प्रवास

महाराष्ट्राची राजधानी मुंबई व उपराजधानी नागपूर यांच्यातील हवाई अंतर सु. 680 किमी. आहे, कल्याण–भुसावळ–वर्धा या लोहमार्गाने ते 837 किमी. भरते. विमान हवेत सव्वा तासाच्या आसपास असते. वेळापत्रकात मात्र दीड ते पावणेदोन तास लावलेले दिसतात, कारण धावपट्टीपर्यंतची रांग आणि मुंबईवरच्या घिरट्या त्यातच धरलेल्या असतात. रेखांशांत सहा अंशांहून अधिक फरक असल्याने नागपुरात सूर्य मुंबईच्या सु. 25 मिनिटे आधी माथ्यावर येतो. सरळ रेषेत रायपूर, भोपाळ, हैदराबाद ही तिन्ही शहरे नागपूरला मुंबईपेक्षा जवळ पडतात. मुंबई दूर असल्याची वैदर्भीयांची तक्रार निदान नकाशावर तरी खरी ठरते.

या हवाई मार्गाच्या इतिहासातील सर्वांत रंगतदार प्रकरण रात्रीच्या टपालविमानांचे. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकाराने 1949 मध्ये ही सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. मुंबईच्या विमानातून कलकत्त्याची पोती उतरवून कलकत्त्याच्या विमानात चढवायची, दिल्लीची दिल्लीकडे, मद्रासची मद्रासकडे. अदलाबदल आटोपली की विमाने पुन्हा अंधारात झेपावत. मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत हाती पडू शके. टपालाच्या जोडीने उतारूही असत. मध्यरात्री विमान बदलण्याची त्यांची तयारी मात्र हवी. सेवेतील बहुतेक विमाने डाकोटा जातीची, दुसऱ्या महायुद्धातून उरलेली. 12 डिसेंबर 1953 रोजी नागपूरहून उडताच यांपैकी एक कोसळले. मृतांत कामगार नेते व खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. पुढे जेट विमानांनी चारही महानगरे थेट जोडली आणि 1970 च्या दशकात ही सेवा इतिहासजमा झाली. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका रोकडा उपयोग नागपूरला नंतर क्वचितच झाला.

लोहमार्ग नागपूरला 1867 मध्ये पोहोचला. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात नेणे, हा त्यामागचा मोठा हेतू. वाटेतील थळघाटाचा (कसारा घाट) चढ 37 मीटरला 1 मीटर इतका तीव्र असल्याने गाडीला मागून जादा इंजिने जोडून रेटा द्यावा लागतो. विदर्भ, सेवाग्राम या एक्सप्रेस जुन्या. दुरांतोला साधारण 11 तास लागतात.

जुन्या रस्त्याने 15–16 तास मोडत. समृद्धी महामार्गाने (701 किमी.) हा वेळ आठ तासांवर आणला, असे सांगितले जाते. त्याचा नागपूर–शिर्डी हा 520 किमी.चा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये, तर इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. आमणे भिवंडीजवळ आहे. तेथून मुंबईत शिरण्याचा वेळ आठ तासांत धरलेला नाही. सपाटीवर मोटारींची वेगमर्यादा ताशी 120 किमी. असून दुचाकींना बंदी आहे.

विदर्भातून संत्री व कापूस मुंबईकडे जातात.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात नागपूरला भरते. त्या काळात या मार्गावरील विमानांची व गाड्यांची आरक्षणे आधीच करून ठेवावीत.