गोदामातील शेतमालाचा विमा (वर्धा जिल्हा)

हा लेख साठवून ठेवलेल्या शेतमालाच्या विम्याविषयी आहे. शेतातील उभ्या पिकाच्या विम्यासाठी पाहा: पंतप्रधान पीक विमा योजना.

गोदामातील शेतमालाचा विमा म्हणजे कापणी व मळणी झाल्यानंतर विक्री होईपर्यंत वखारीत, बाजार समितीच्या गोदामात, शीतगृहात किंवा कारखान्याच्या आवारात ठेवलेल्या मालाला आग, पूर, वादळ, घरफोडी, दंगल इत्यादी जोखमींपासून मिळणारे विमासंरक्षण होय. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वर्धा जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा या पिकांच्या साठवणुकीमुळे या विम्याला विशेष महत्त्व आहे. माल दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणे आणि त्या मालाचा विमा उतरवणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. गोदामाचे भाडे भरल्याने माल आपोआप विमित होत नाही, तसेच गोदामाच्या इमारतीचा विमा हा आतील मालाचा विमा नसतो.

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर हे आठ तालुके आहेत. जिल्हा जुन्या काळापासून कापसाचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. हिंगणघाट ही कापसाची जुनी व नामांकित बाजारपेठ असून हिंगणघाट आणि पुलगाव येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरण्या उभ्या राहिल्या. पुढे सोयाबीनचे क्षेत्र वाढले, तेव्हा कापसाबरोबर तेलबिया व कडधान्ये यांच्या साठवणुकीचीही गरज वाढली.

पूर्वी धान्य कणगीत किंवा पेवात ठेवण्याची रीत होती. कापूस आजही अनेक शेतकरी भाव वाढेपर्यंत राहत्या घरातील एखाद्या खोलीत साठवून ठेवतात. सुगीच्या दिवसांत आवक वाढून भाव उतरतात. त्यामुळे ज्याला काही महिने थांबता येते, त्याला बरा भाव मिळण्याची शक्यता असते. मात्र थांबण्याच्या या काळात मालाला आग, पाणी, कीड व चोरी यांचा धोका असतो.

भारतात आधुनिक वखार व्यवस्थेचा पाया अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीच्या १९५४ मधील अहवालाने घातला. ए. डी. गोरवाला हे या समितीचे अध्यक्ष होते. समितीच्या शिफारशींनुसार १९५६ मध्ये कायदा झाला आणि १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळाची स्थापना झाली. राज्य वखार महामंडळही त्याच वर्षी स्थापन झाले. त्याचे मुख्यालय पुणे येथे आहे. वर्धा जिल्हा त्या वेळी द्विभाषिक मुंबई राज्यात होता. १९६२ च्या वखार महामंडळ अधिनियमाने आधीच्या कायद्याची जागा घेतली.

सर्वसाधारण विमा व्यवसायाचे १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकरण झाले व त्यातून नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सार्वजनिक कंपन्या कार्यरत झाल्या. १९९९ च्या विमा नियामक व विकास प्राधिकरण अधिनियमानंतर खासगी कंपन्यांनाही हे क्षेत्र खुले झाले.

कायदेशीर स्वरूप

निक्षेप

एखाद्याने आपली वस्तू ठरावीक हेतूसाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणे व हेतू पूर्ण झाल्यावर ती परत घेणे, याला भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये 'निक्षेप' म्हटले आहे (कलम १४८). कलम १५१ नुसार, सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी माल ताब्यात घेणाऱ्याने घेतली पाहिजे. कलम १५२ नुसार, तेवढी काळजी घेऊनही मालाची हानी झाली आणि वेगळा करार नसेल, तर तो हानीस जबाबदार राहत नाही.

या तरतुदींमुळे विम्याची गरज स्पष्ट होते. शेजारच्या इमारतीतील आग पसरून किंवा अचानक पूर येऊन माल नष्ट झाला आणि गोदामचालकाचा हलगर्जीपणा नसेल, तर केवळ कराराच्या कायद्याच्या आधारे माल ठेवणाऱ्याला भरपाई मिळेलच असे नाही.

विमायोग्य हितसंबंध

ज्याला मालाच्या नाशामुळे आर्थिक झळ पोहोचते, त्यालाच त्या मालाचा विमा घेता येतो. गोदामातील एकाच मालात तिघांचा असा हितसंबंध असू शकतो: मालक म्हणून शेतकऱ्याचा, ताबेदार म्हणून गोदामचालकाचा आणि कर्ज देणारी म्हणून बँकेचा किंवा बाजार समितीचा. व्यवहारात विमा बहुधा गोदामचालक घेतो आणि भरपाईवर पहिला हक्क कर्ज देणाऱ्या संस्थेचा असतो.

गोदाम पावती

गोदाम (विकास व नियमन) अधिनियम, २००७ हा कायदा ऑक्टोबर २०१० मध्ये अमलात आला व त्याखाली गोदाम विकास व नियामक प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाकडे नोंदणी झालेल्या गोदामाला परक्राम्य गोदाम पावती देता येते. अशी पावती हस्तांतरित करून मालाची मालकी दुसऱ्याकडे देता येते आणि ती तारण ठेवून कर्जही घेता येते. आता या पावत्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिल्या जातात.

कायद्यानुसार पावतीवर मालाचे वर्णन, प्रमाण व प्रत, ठेवतेवेळचा बाजारभाव, साठवणुकीचे दर इत्यादी तपशील असावे लागतात. त्यांत आग, पूर, चोरी, घरफोडी, अफरातफर, दंगल, संप व दहशतवादी कृत्य यांपासून संरक्षण देणाऱ्या विमा कंपनीच्या नावाचाही समावेश होतो. त्यामुळे माल विमित आहे की नाही, हे माल ठेवणाऱ्याला पावतीवरूनच तपासता येते. नोंदणी नसलेल्या खासगी गोदामाच्या साध्या पोचपावतीवर असा तपशील असतोच असे नाही.

साठवणुकीचे प्रकार व विमा

राज्य वखार महामंडळ: महामंडळाच्या गोदामांत ठेवलेल्या मालाला विमासंरक्षण दिले जाते. शेतकऱ्यांना साठवणूक भाड्यात ५० टक्के सवलत मिळते.

बाजार समिती: राज्य कृषी पणन मंडळ १९९०–९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना राबवते. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा, ज्वारी, गहू इत्यादी मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने दिले जाते. त्या दिवसाचा बाजारभाव व शासनाने जाहीर केलेली खरेदी किंमत यांपैकी जी कमी असेल, ती मालाची किंमत म्हणून धरतात. योजनेत फक्त उत्पादक शेतकऱ्यांचा माल स्वीकारला जातो, व्यापाऱ्यांचा नाही. गोदामभाडे, देखरेख व विमा यांचा खर्च बाजार समिती सोसते. वखार महामंडळाच्या पावतीवरही या योजनेतून कर्ज मिळू शकते.

जिनिंग-प्रेसिंग कारखाने: येथील रुई, सरकी व गाठींच्या साठ्याचा विमा कारखानदार उतरवतो. भारतात कापसाची गाठ सामान्यतः १७० किलोग्रॅमची धरली जाते. हंगामात साठा रोज बदलत असल्याने ठरावीक काळाने साठ्याचे मूल्य कंपनीला कळवण्याची अट असलेले 'घोषणा विमापत्र' अशा ठिकाणी वापरले जाते. एकाच मालकाचा साठा अनेक गोदामांत फिरता असेल, तर सर्व गोदामांसाठी मिळून एकच विमा रक्कम ठरवणारे 'फ्लोटर' विमापत्र घेतात.

घरातील साठा: शेतकऱ्याने घरी ठेवलेला कापूस किंवा सोयाबीन सहसा कोणत्याही विम्यात येत नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमधील काढणीपश्चात नुकसानीची तरतूद ही कापून शेतातच सुकत ठेवलेल्या पिकापुरती असून तिची कमाल मर्यादा १४ दिवसांची आहे, आणि राज्याने अधिसूचित केली असेल तरच ती लागू होते. माल घरी आला की पीक विम्याचा संबंध संपतो. शेत आणि बाजार यांच्यामधला हा काळ बहुसंख्य लहान शेतकऱ्यांसाठी विमाविरहित असतो.

जोखमी व अपवाद

आग ही कापसाच्या साठ्याची सर्वांत मोठी जोखीम होय. कापसात आलेला खडा किंवा धातूचा तुकडा यंत्रावर घासून ठिणगी पडते. रुईत ती बराच वेळ धुमसत राहते. ओल्या सरकीचा किंवा कापसाचा ढीग आतून तापत जातो. मालाच्या स्वतःच्या आंबण्याने, नैसर्गिकरीत्या तापण्याने किंवा आपोआप पेट घेण्याने झालेली हानी पारंपरिक आग विमापत्रात वगळलेली असते व जादा हप्ता भरून ती जोडून घ्यावी लागते.

पुराची जोखीम नदीकाठच्या बाजारपेठांना अधिक असते. हिंगणघाट वणा नदीच्या काठी वसलेले असून जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत या भागाला पुराचा मोठा फटका बसला. वादळ व पूर यांनी झालेली हानी आग विम्यात सामान्यतः समाविष्ट असते. परंतु जुन्या छपरातून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने हळूहळू भिजलेला माल त्यात धरला जात नाही.

चोरीसाठी स्वतंत्र घरफोडी विमा घ्यावा लागतो. या विम्यात कुलूप तोडणे, भिंत फोडणे अशा बळाच्या वापराचा पुरावा लागतो. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये विमापत्रातील अशी अट बंधनकारक मानली. गोदामातील नोकरांनी केलेल्या अफरातफरीसाठी निष्ठा हमी विमा हा वेगळा प्रकार आहे.

कीड, उंदीर, बुरशी, वजनातील नैसर्गिक घट व भावातील घसरण या गोष्टींची भरपाई आग विम्यात मिळत नाही. त्या टाळणे हे साठवणुकीच्या शास्त्राचे काम आहे. सोयाबीनमधील ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवणे, पोती जमिनीला न टेकवता लाकडी फळ्यांवर रचणे, थप्प्या भिंतीपासून दूर ठेवणे आणि वेळोवेळी धुरी देणे हे त्यातील प्रमुख उपाय होत.

विमा रक्कम व सरासरीची अट

भरपाई हानीच्या वेळच्या बाजारभावाने ठरते, परंतु ती विमा रकमेपेक्षा अधिक नसते. प्रत्यक्ष मूल्यापेक्षा कमी रकमेचा विमा उतरवला असेल, तर 'सरासरीची अट' लागू होऊन त्याच प्रमाणात भरपाई कमी होते. समजा, गोदामात १ कोटी रुपयांचा माल आहे, विमा ६० लाखांचा आहे आणि आगीत २० लाखांचा माल जळाला. तर भरपाई २० लाखांची न मिळता १२ लाखांची मिळते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या प्रमाणित विमापत्रात (एकूण मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत) १५ टक्क्यांपर्यंतची अशी तूट माफ केली जाते.

तारण ठेवलेल्या मालाच्या बाबतीत विमा रक्कम कर्जाएवढी आहे की मालाच्या पूर्ण किमतीएवढी, हा कळीचा प्रश्न ठरतो. समजा, ५० क्विंटल सोयाबीनची किंमत ४,००० रुपये क्विंटल या दराने २ लाख रुपये झाली व त्यावर दीड लाखाचे कर्ज घेतले. तीन महिन्यांनी सर्व माल जळाला, तर ६ टक्के दराने व्याजासह देणे १,५२,२५० रुपये होते. पूर्ण किमतीचा विमा असेल, तर देणे फिटून शेतकऱ्याला ४७,७५० रुपये मिळतात. विमा केवळ दीड लाखाचा असेल, तर कर्ज देणाऱ्याची मुद्दल वसूल होते, पण शेतकऱ्याचा माल जातो आणि वर २,२५० रुपये देणे उरते.

भाववाढीच्या आशेने ठेवलेल्या मालाला आणखी एक अडचण असते. भाव खरोखरच वाढला आणि विमा रक्कम ठेवतेवेळच्या किमतीवरच राहिली, तर वाढलेल्या मूल्याच्या मानाने विमा अपुरा पडतो. म्हणून भाव चढत असताना विमा रक्कम वाढवून घेण्याची तरतूद महत्त्वाची ठरते.

दावा व दाद

हानी झाल्यावर विमा कंपनीला तत्काळ कळवणे, आगीबाबत अग्निशमन दलाचा अहवाल व चोरीबाबत पोलिसांतील प्राथमिक माहिती अहवाल मिळवणे आणि साठा नोंदवही, वजनपावत्या व गोदाम पावत्या सादर करणे अपेक्षित असते. ठरावीक रकमेवरील हानीची पाहणी परवानाधारक सर्व्हेअर करतो. त्याने पाहणी करेपर्यंत उरलेला माल सुरक्षित ठेवणे, पण त्याची विल्हेवाट न लावणे हे विमाधारकाचे कर्तव्य असते.

विमापत्र गोदामचालकाच्या नावे असताना शेतकऱ्याला दावा करता येतो का, हा प्रश्न कॅनरा बँक विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात उपस्थित झाला. कर्नाटकातील एका शीतगृहात जानेवारी २०१४ मध्ये आग लागून शेतकऱ्यांचा तारण ठेवलेला सर्व माल नष्ट झाला होता. शेतकऱ्यांशी आपला करार नाही, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. विम्याचे लाभार्थी या नात्याने शेतकरी हे ग्राहक संरक्षण कायद्यानुसार 'ग्राहक' ठरतात, असा निर्णय न्यायालयाने दिला. गोदामात माल ठेवणाऱ्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा मानला जातो. अशा तक्रारींसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सामान्यतः दोन वर्षांच्या आत दाद मागता येते.

घरसामान व मौल्यवान वस्तूंची साठवण

मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत बदली किंवा घरदुरुस्तीच्या काळात घरसामान मासिक भाड्याच्या साठवण-खोलीत ठेवण्याची सोय उपलब्ध आहे. तिथेही हेच तत्त्व लागू पडते. 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित गृहविमापत्र त्यात नोंदवलेल्या घरातील सामानापुरते असते. सामान अन्यत्र हलवल्यास कंपनीला कळवून तशी नोंद करून घ्यावी लागते. बँकेच्या लॉकरमधील वस्तूंचाही बँक विमा उतरवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक यांमुळे हानी झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते.

हेही पाहा

राज्य वखार महामंडळ
गोदाम विकास व नियामक प्राधिकरण
कृषी उत्पन्न बाजार समिती
पंतप्रधान पीक विमा योजना
हिंगणघाट