शेवटच्या प्रवासाची नोंद

डुकराच्या मांसाचे तीन तुकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत अशी कल्पना करू. पहिला गुलाबी-लालसर, बोटाने दाबला तर घट्ट लागणारा. दुसरा फिकट, लिबलिबीत, ताटात पाणी सोडणारा. तिसरा गडद, हाताला कोरडा आणि किंचित चिकट. तिन्ही डुकरं एकाच गोठ्यात वाढलेली, एकाच वयाची, एकच खाद्य खाल्लेली असू शकतात. रोग एकालाही नसेल. मग हा फरक आला कुठून?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी विसाव्या शतकातली बरीच वर्षं खर्ची पडली. मांसाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तर यात होतेच, पण स्नायूंचे अभ्यासक, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभे राहणारे भूलतज्ज्ञ आणि अनुवंशशास्त्रज्ञही होते. हा फरक बहुतांशी जनावराच्या आयुष्याच्या शेवटच्या काही तासांत, म्हणजे त्याला ट्रकमध्ये चढवण्यापासून कत्तल होईपर्यंतच्या काळात घडतो, हे आज आपल्याला माहीत आहे. आपल्यापैकी अनेकजण डुकराचं मांस खात नाहीत, काहीजण कुठलंच मांस खात नाहीत. तरीही या इतिहासात शिकण्यासारखं, आणि शिकवण्यासारखंही, पुष्कळ आहे. कारण यातले स्नायू आपल्या स्नायूंपेक्षा फारसे वेगळे नाहीत.

मृत्यूनंतर चालू राहणारं रसायन

१९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स या दोघांनी बेडकाच्या स्नायूंवर काही प्रयोग केले. ऑक्सिजन न मिळता स्नायू काम करत राहिला तर त्यात लॅक्टिक आम्ल साठतं आणि ऑक्सिजन मिळाल्यावर ते कमी होतं, असं त्यांनी दाखवलं. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी आम्लता मोजण्याची 'सामू' म्हणजे पीएच ही मोजपट्टी मांडली. पुढची सारी कहाणी या दोन गोष्टींवर उभी आहे.

प्राणी मरतो म्हणजे त्याचं हृदय थांबतं, रक्त फिरायचं थांबतं आणि स्नायूंना ऑक्सिजन मिळेनासा होतो. पण स्नायूंच्या पेशी त्याच क्षणी मरत नाहीत. त्यांच्यात ग्लायकोजेन हा साखरेचा साठा असतो. तो ऑक्सिजनविना मोडून पेशी थोडा वेळ ऊर्जा मिळवत राहतात. यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं. ते वाहून न्यायला आता रक्त नसल्याने ते तिथेच साठतं. डुकराच्या स्नायूचा सामू जिवंतपणी ७ च्या आसपास असतो. मृत्यूनंतर सहा ते आठ तासांत तो हळूहळू ५.५ च्या जवळ येतो. दरम्यान शरीर थंड होत जातं. सगळं असं सावकाश घडलं की आपला पहिला, गुलाबी तुकडा मिळतो.

आता स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. गार दुधात लिंबाचे थोडे थेंब टाकले तर दूध लगेच फाटत नाही. तेच थेंब उकळत्या दुधात टाकले की क्षणात पनीर वेगळं आणि पाणी वेगळं होतं. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की प्रथिनांची घडी विस्कटते. स्नायूंमधली प्रथिनं दुधातल्या प्रथिनांहून वेगळी असतात, पण आम्ल आणि उष्णता यांच्या जोडीपुढे त्यांचीही घडी टिकत नाही. मृत्यूच्या ऐन वेळी डुक्कर घाबरलेलं, धडपडत असलेलं असेल तर अ‍ॅड्रेनॅलिनमुळे ग्लायकोजेन आधीच झपाट्याने मोडत असतं आणि स्नायू तापलेले असतात. मग मृत्यूनंतर पाऊण तासातच सामू ६ च्या खाली जातो, आणि त्या वेळी शरीर अजून गरम असतं. प्रथिनं बिघडतात, धरून ठेवलेलं पाणी सोडतात आणि प्रकाश जास्त विखुरतात. म्हणून दुसरा तुकडा ओला आणि फिकट.

तिसऱ्याची गोष्ट नेमकी उलटी. लांबचा प्रवास, उपास, मारामारी यांत डुकराने ग्लायकोजेन मृत्यूपूर्वीच संपवून टाकलेलं असतं. आम्ल तयार व्हायला कच्चा मालच उरत नाही. सामू ६ च्या वरच थांबतो, प्रथिनं पाणी घट्ट धरून ठेवतात आणि मांस गडद व कोरडं दिसतं. आम्लता कमी, त्यामुळे त्यात जिवाणूही लवकर वाढतात. थोडक्यात, ऐन वेळची भीती फिकट मांस देते आणि लांबलेला थकवा गडद मांस देतो.

आधी गडद, मग फिकट

शास्त्रज्ञांना आधी भेटलं ते गडद मांस. इंग्लंडमध्ये डुकराचं मांस मिठात मुरवून बेकन करण्याचा मोठा धंदा होता. काही मांसात मीठ नीट शिरत नसे आणि ते मुरण्याऐवजी सडत असे. १९३० च्या दशकात केंब्रिजच्या लो टेंपरेचर रिसर्च स्टेशनमध्ये कॅलो आणि बेट-स्मिथ यांनी या नासाडीचा संबंध सामूशी आणि कत्तलीपूर्वीच्या थकव्याशी जोडला. त्यावर सुचलेला उपाय गंमतीदार वाटेल, पण तर्काला धरून होता: कत्तलीपूर्वी डुकरांना साखर खाऊ घालायची, म्हणजे संपलेलं ग्लायकोजेन भरून निघेल. पुढे कॅनडा आणि डेन्मार्कमध्येही हे प्रयोग झाले.

फिकट मांसाचा प्रश्न मात्र माणसाने स्वतःच वाढवून घेतला होता. १८८७ साली जर्मनीने डेन्मार्कच्या जिवंत डुकरांना बंदी केली. त्याच वर्षी हॉर्सन्स या गावी शेतकऱ्यांचा पहिला सहकारी कत्तलखाना उभा राहिला आणि डेन्मार्क ब्रिटनला बेकन पुरवू लागला. तिथल्या गिऱ्हाइकाला कमी चरबीचं, लांबट डुक्कर हवं होतं. डेन्मार्कने पद्धतशीर निवड करून, पिल्लांची वाढ आणि मांस मोजून, पिढ्यान्‌पिढ्या तसं डुक्कर घडवलं. इतर देशांतही कमी चरबी आणि भरगच्च मांड्या हेच ध्येय झालं.

१९५० च्या दशकात डेन्मार्कचे लुडविगसेन यांनी अशा डुकरांमध्ये दिसणाऱ्या फिकट, पाणी सोडणाऱ्या स्नायूंचं वर्णन केलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले ब्रिस्की यांनी १९६४ साली या विषयाचा सविस्तर आढावा घेतला. याच काळात आणखी एक गोष्ट लक्षात येत होती. काही डुकरं कत्तलखान्यापर्यंत पोचतच नसत. ट्रकमध्ये चढवताना किंवा वाटेत त्यांची शेपटी थरथरू लागे, श्वास जोरात चाले, कातडीवर लाल-पांढरे चट्टे उठत, अंग तापून ताठ होई आणि ती मरत. १९६८ साली टोपेल आणि सहकाऱ्यांनी या लक्षणांना 'डुकरांचा ताण-विकार' असं नाव दिलं.

मेलबर्नचा रुग्ण

इथे कहाणी अचानक माणसांच्या रुग्णालयात शिरते. १९६० साली मेलबर्नच्या डेनबरो आणि लोव्हेल यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणाची हकिगत छापली. त्याचा पाय मोडला होता, पण मोडलेल्या पायापेक्षा त्याला भुलेची भीती जास्त वाटत होती. कारण ईथरची भूल दिल्यावर त्याचे दहा नातेवाईक दगावले होते. डॉक्टरांनी त्याला हॅलोथेन हे तेव्हाचं नवं औषध दिलं. थोड्याच वेळात त्याचीही प्रकृती ढासळली. भूल थांबवून, बर्फ लावून त्याला वाचवावं लागलं. भुलेमुळे शरीर तापून स्नायू ताठ होण्याचा हा आनुवंशिक दोष होता.

१९६६ साली केंब्रिजमध्ये हॉल आणि सहकाऱ्यांना भुलेखालच्या काही डुकरांमध्ये तशीच प्रतिक्रिया दिसली. म्हणजे माणसातल्या एका जीवघेण्या दोषाचा अभ्यास करण्यासाठी डुक्कर उपयोगी पडणार होतं. केपटाऊनचे हॅरिसन यांनी १९७५ साली डँट्रोलीन या औषधाने अशी डुकरं वाचतात हे दाखवलं. १९७९ पासून अमेरिकेत ते शिरेतून देण्याला मान्यता मिळाली. पूर्वी या विकारात दहापैकी सात-आठ रुग्ण दगावत. आज योग्य वेळी उपचार झाले तर बहुतेक वाचतात.

डुकरांच्या पैदासकारांनी यातून वेगळा फायदा घेतला. नेदरलँड्समधल्या आयकेलेनबोम आणि मिंकेमा यांनी १९७४ साली हॅलोथेनची चाचणी मांडली. पिल्लाच्या तोंडाला मुखवटा लावून काही मिनिटं हॅलोथेन द्यायचं. पाय ताठ झाले तर ते दोषी. पण हा गुण अप्रभावी आहे. एकच सदोष जनुक असलेलं पिल्लू चाचणीत निर्दोष ठरे आणि दोष पुढच्या पिढीत पोचवत राही. वर्गात मेंडेलचे नियम शिकवताना वाहकाचं याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

कोडं सुटलं ते १९९१ मध्ये. टोरांटोच्या मॅक्लेनन यांच्या गटाने दोष नेमका कुठे आहे ते शोधून काढलं. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सोडणारं एक दार असतं. ते बनवणाऱ्या प्रथिनातलं ६१५ वं अमिनो आम्ल बदललेलं होतं. आर्जिनीनच्या जागी सिस्टीन आलं होतं. हे दार सहज उघडतं आणि लवकर मिटत नाही. मग कॅल्शियम वाहत राहतं, स्नायू आखडलेले राहतात, ग्लायकोजेन जळत राहतं. डुकरांच्या पाच जातींत तोच एक बदल सापडला, म्हणजे बहुधा तो एकाच पूर्वजापासून आला असावा. त्याच वर्षी एका मानवी कुटुंबातही त्याला जुळणारा बदल सापडला. हे जनुक डुकराला कमी चरबीचं आणि मांसल करतं. म्हणून पैदासकार दर पिढीत मांसल डुक्कर निवडत गेले आणि नकळत ताणाने मरणारं डुक्करही निवडत गेले.

जनुक गेलं, ट्रक राहिला

डीएनए चाचणीने वाहकही ओळखता येऊ लागले. अनेक देशांनी आपल्या कळपांतून हे जनुक जवळजवळ काढून टाकलं आणि वाटेत मरणाऱ्या डुकरांची संख्या घटली. पण फिकट मांस काही नाहीसं झालं नाही. निर्दोष जनुकांचं डुक्करही पुरेसं घाबरलं, तापलं, धावलं तर तेच रसायन घडतं. प्रश्न पुन्हा प्रवासाकडे वळला.

डुकराला उपयोगी पडेल असा घाम येत नाही. ते अंग थंड ठेवतं चिखलात लोळून आणि धापा टाकून. ट्रकमध्ये चिखल नसतो, आणि ट्रक उभा राहिला की वाराही बंद होतो. म्हणून उन्हात थांबलेला ट्रक हा चालत्या ट्रकपेक्षा धोक्याचा. डुकराला गाडी लागते, त्याला उलट्याही होतात. यासाठी प्रवासापूर्वी काही तास खाद्य बंद ठेवतात. पण उपास फार लांबला तर ग्लायकोजेन संपतं. वेगवेगळ्या गटांतली डुकरं एकत्र कोंबली तर क्रम ठरवण्यासाठी भांडतात आणि त्यांच्या कातडीवर ओरखडे उठतात. तीव्र चढावर ती बिचकतात. मग विजेच्या काठीचा वापर सुरू होतो.

यात एक निष्कर्ष अनपेक्षित होता. छोटा प्रवास चांगला असंच आपल्याला वाटेल. पण चढवताना लागणारा धक्का सर्वांत मोठा असतो. पंधरा-वीस मिनिटांत कत्तलखाना आला आणि लगेच कत्तल झाली तर सावरायला वेळच मिळत नाही, आणि मांस फिकट होतं. म्हणून पोचल्यावर दोन-तीन तास पाणी आणि विसावा, उन्हाळ्यात अंगावर पाण्याचे फवारे, अशी पद्धत रूढ झाली. रात्रभर थांबवलं तर मात्र पुन्हा भांडणं, उपास आणि गडद मांस.

कायदे सावकाश आले. अमेरिकेने १८७३ सालीच रेल्वेने जाणाऱ्या जनावरांना २८ तासांनंतर उतरवून विसावा, चारा, पाणी देण्याचं बंधन घातलं. युरोपीय समुदायाचे नियम १९९१ मध्ये आले आणि २००५ च्या नियमावलीत अधिक नेमके झाले. सतत पाणी असेल तर डुकरांचा प्रवास जास्तीत जास्त २४ तास, चढणीचा कोन २० अंशांहून जास्त नाही आणि १०० किलोच्या डुकरांसाठी चौरस मीटरला २३५ किलोंहून अधिक भार नाही, अशी ही बंधनं आहेत. म्हणजे एका डुकराला साधारण ६५ सेंटिमीटर बाजूचा चौरस. हा चौरस वर्गाच्या फरशीवर खडूने आखून पाहावा. आपल्याकडे जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ मध्ये झाले. डुकरांसाठीचं प्रकरण त्यात २००१ मध्ये जोडलं गेलं.

साक्षीदार किती खरा?

जनावराला नीट वागवलं तर मांस चांगलं मिळतं, या युक्तिवादाने पुष्कळ काम केलं आहे. दयेच्या आवाहनाने न हललेले कारखानदार तोट्याच्या आकड्यांनी हलले. तरीही या युक्तिवादाची मर्यादा आपण ओळखली पाहिजे. मांस बिघडलं असेल तर जनावराने त्रास सोसला असण्याची शक्यता मोठी. पण मांस चांगलं आहे म्हणून त्रास झालाच नाही, असा उलटा निष्कर्ष निघत नाही.

याचं ठळक उदाहरण म्हणजे कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करण्याची पद्धत. तीत डुकरांना एकेकटं हाकलावं लागत नाही. ती गटाने आत जातात, काठी लागत नाही आणि मांस उत्तम मिळतं. डेन्मार्कने ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. मात्र या वायूचं प्रमाण जास्त असलं की डुकरं शुद्ध हरपण्यापूर्वी धापा टाकतात, मागे सरतात, सुटायची धडपड करतात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २००४ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये हे नोंदवलं आहे. सामू मोजणाऱ्या उपकरणावर ते दिसत नाही.

ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रँबेल समितीने प्राण्यांचं सुख-दुःख हा विज्ञानाने अभ्यासण्याचा विषय मानला आणि त्यांच्या वागणुकीकडे पाहायला सांगितलं. मांसातून जेवढं कळतं तेवढंच मोजून चालणार नाही, हा त्याचा अर्थ. विद्यार्थ्यांशी बोलताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत: मोजमापातून काय कळतं, आणि कशाचं मोजमाप आपण घेतलेलंच नाही? पहिल्याचं उत्तर बरंचसं मिळालं आहे. दुसऱ्याचं शोधायचं तर डुकराकडे ते जिवंत असतानाच पाहावं लागतं.